पीयूसी नसेल तर दंड, पीयूसी बनावट असेल तर गुन्हा : दीडशे रुपयांसाठी काय पणाला लागतं?

अंबड (नाशिक) : ‘गाडी आणायची गरज नाही. आरसीचा फोटो टाका, पीयूसी पाच मिनिटांत मोबाइलवर.’ अशा ऑफर आता वाहनधारकांना नव्या राहिलेल्या नाहीत. पाठवणारा कधी एजंट असतो, कधी ओळखीतला ‘कागदं काढून देणारा’. अंबड एमआयडीसीत माल घेऊन येणारे पिकअप, छोटा हत्ती आणि टेम्पो दिंडोरी, त्र्यंबक, सिन्नर, इगतपुरीच्या खेड्यांतले असतात. भाड्याची घाई, डोक्यावर हप्ता, त्यात पीयूसी संपलेली. मग ‘टाक बाबा फोटो’ असं म्हणून काम उरकलं जातं.

पण यात एक मोठी गल्लत होते. पीयूसी नसताना गाडी चालवणं आणि बनावट पीयूसी दाखवणं या दोन गोष्टी लोक एकाच पारड्यात टाकतात. ‘सापडलोच तर दंड भरू’ असा हिशोब असतो. कायद्यात मात्र हे दोन वेगळे रस्ते आहेत. पहिला चलनापाशी संपतो. दुसरा पोलीस ठाण्यातून कोर्टात जातो.

आधी साधा नियम

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम ११५ प्रमाणे गाडीच्या पहिल्या नोंदणीला एक वर्ष झालं की पीयूसी लागते. बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना ती १२ महिने चालते, त्याआधीच्या जुन्या गाड्यांना ६ महिने. महाराष्ट्रात २०२२ मध्ये दर वाढले. दुचाकीला ५० रुपये, पेट्रोलच्या तीनचाकीला १००, पेट्रोल-सीएनजी चारचाकीला १२५ आणि डिझेल गाडीला १५० रुपये असे ते दर झाले.

म्हणजे जुन्या डिझेल पिकअपला वर्षातून दोनदा, एकूण ३०० रुपये. महिन्याला पडतात २५. बीएस-४ नंतरच्या गाडीला वर्षाचे दीडशे.

आता पीयूसी नसेल तर काय? मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळेस तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र, असं कायदा सांगतो. पुन्हा तोच गुन्हा केला तर कैद सहा महिन्यांपर्यंत जाते. पण हा गुन्हा तडजोडीस पात्र आहे. म्हणजे ठरलेली रक्कम भरून प्रकरण मिटवता येतं. रोजच्या व्यवहारात बहुतेकांना ई-चलनच दिसतं. गाडीची तपासणी करून घेतली, नवी पीयूसी काढली, विषय संपला.

बनावट कागद दाखवला की हा सोपा रस्ता बंद होतो.

पोलिसाच्या हातात कलम २०६

मोटार वाहन कायद्यातच कलम २०६ आहे. चालकाने दाखवलेलं लायसन्स, आरसी, विमा, परमिट किंवा दुसरा कोणताही कागद खोटा आहे असं मानायला कारण असेल, तर पोलीस तो जप्त करू शकतात. गाडीवरच्या ओळखचिन्हालाही हेच लागू आहे. एवढंच नाही, हा कागद तुझ्याकडे आला कुठून, याचा खुलासा चालकाकडे किंवा मालकाकडे मागता येतो.

इथून पुढे मोटार वाहन कायदा मागे पडतो आणि फौजदारी कायदा सुरू होतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. बनावट पीयूसीच्या प्रकरणात तिची ही कलमं महत्त्वाची ठरतात :

कलम ३३६ बनावट दस्तऐवज तयार करण्याचं आहे. साध्या बनावटीला दोन वर्षांपर्यंत कैद. फसवणुकीसाठी बनावट केली असेल तर ३३६(३) प्रमाणे सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, म्हणजे जामीन पोलीस ठाण्यात नाही, कोर्टात मागावा लागतो.

कलम ३४०(२) बनावट कागद खरा म्हणून वापरण्याचं. वापरणाऱ्याला शिक्षा तीच, जी बनवणाऱ्याला.

कलम ३१८(४) फसवणुकीचं. गावात ज्याला अजून ‘चारशेवीस’ म्हणतात तेच हे. पैसे घेऊन खोटी पीयूसी खरी म्हणून विकणाऱ्यावर हे लागू शकतं. यातही सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

कलम २३४ आणि २३५ खोट्या प्रमाणपत्राची. कायद्याने द्यावं लागणारं प्रमाणपत्र खोटं आहे हे माहीत असून देणारा पहिल्यात येतो, ते खरं म्हणून वापरणारा दुसऱ्यात. शिक्षा खोटा पुरावा दिल्यासारखी.

१ जुलै २०२४ च्या आधीच्या प्रकरणांना जुनी कलमं लागतात : ४६५, ४६८, ४७१ आणि ४२०.

‘मी तर कागद छापलाच नाही, नुसती मोबाइलमधली पीडीएफ दाखवली’ हा बचाव टिकत नाही. बनावटीच्या व्याख्येत कागदासोबत इलेक्ट्रॉनिक नोंदही आहे. मोबाइलवर तारीख बदललेली पीडीएफ आणि प्रिंट काढलेला कागद, दोन्ही कायद्याला सारखेच.

‘मला माहीत नव्हतं’ किती चालतं?

बनावट कागद वापरल्याचा गुन्हा सिद्ध व्हायला तो कागद खोटा असल्याचं आरोपीला माहीत होतं, किंवा तसं मानायला त्याच्याकडे कारण होतं, हे दाखवावं लागतं. यातला दुसरा भाग नीट समजून घ्यायला हवा.

समजा, गिरणाऱ्याकडचा एक पिकअपवाला सकाळी मार्केटला टोमॅटोचे क्रेट उतरवतो आणि परतीचं भाडं मिळेल म्हणून अंबडला येतो. पाथर्डी फाट्याजवळ गाडी अडवली जाते. तो मोबाइलवर पीयूसी दाखवतो. पीयूसीवर तपासणीची तारीख आणि वेळ आहे. त्या वेळी गाडी तर गावातच उभी होती, केंद्राचं तोंडही तिने पाहिलेलं नाही. नळीत सेन्सर घातला नाही, ॲक्सिलरेटर दाबला नाही, तरी ‘पास’ असा कागद हातात आला. अशा वेळी ‘खोटं असेल असं वाटलंच नाही’ हे कोर्टाला पटवणं अवघड जातं. धुराची तपासणी न करता धुराचं प्रमाणपत्र मिळालं, हेच संशयाचं कारण.

उलट, गाडी खरोखर केंद्रावर नेली, तपासणी झाली, पैसे ऑनलाइन भरले आणि नंतर कळलं की त्या केंद्राने भलताच कागद दिला, तर मालक स्वतः फसवला गेलेला असतो. पैसे भरल्याची नोंद, पावती, केंद्राचा फोटो या गोष्टी त्याच्या बाजूने उभ्या राहतात. म्हणून पीयूसीचे पैसे हातात देऊन निघून येण्यापेक्षा नोंद राहील असे द्यावेत.

इथे अजून एक पेच आहे. गाडीचा मालक एक, चालवणारा दुसरा. कागद मालकाने काढून दिलेला असतो, पण पोलिसाला दाखवतो तो ड्रायव्हर. पहिला प्रश्न त्यालाच येतो. महिन्याच्या पगारावर दुसऱ्याची गाडी चालवणाऱ्या पोराने गाडी हातात घेताना आरसी आणि विमा बघतो तशी पीयूसीही ऑनलाइन तपासून घ्यायला हवी. पुढे पोलीस व्हेरिफिकेशन लागणारी नोकरी असो की बॅज, नावावर बनावटीची केस असली की अडचण येते.

पकडलं कसं जातं?

पूर्वी पीयूसी म्हणजे साधा कागद होता. शिक्का मारला, सही केली, झालं. हवालदाराला खरं-खोटं कळायचं साधन नव्हतं. ते दिवस गेले.

१४ जून २०२१ रोजी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने देशभर एकच नमुन्याची पीयूसी लागू करणारी अधिसूचना काढली. तिच्यावर क्यूआर कोड आला. पीयूसीची माहिती ‘वाहन’ या राष्ट्रीय नोंदीला जोडली गेली. मालकाचा मोबाइल नंबर देणं बंधनकारक झालं आणि त्यावर मेसेज येऊ लागला. म्हणजे खरी पीयूसी आता कागदावर नसते, ती सरकारी नोंदीत असते. कागद ही फक्त तिची सावली. पीडीएफमध्ये तारीख कितीही सफाईने बदला, नोंदीतली तारीख बदलत नाही. अधिकाऱ्याने गाडीचा नंबर टाकला की खरं काय ते समोर येतं.

हीच सोय वाहनधारकालाही आहे. परिवहन खात्याच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर पीयूसीच्या पानावर गाडीचा नंबर आणि चेसिस नंबरचे शेवटचे पाच अंक-अक्षरं टाकली की आपली पीयूसी दिसते. तिथे दिसत नसेल, तर एजंटने काहीही सांगितलं तरी ती पीयूसी नाही. एमपरिवहन किंवा डिजिलॉकरमधला कागद ग्राह्य धरला जातो. गॅलरीतला फोटो आणि डिजिलॉकरमधला कागद यात फरक आहे, तो लक्षात ठेवावा.

काचेवरचा निळा-नारिंगी स्टिकर

पीयूसीबरोबरच दुसरी एक चिकटपट्टी आता प्रत्येक नव्या चारचाकीच्या काचेवर असते. पेट्रोल-सीएनजीला फिकट निळा, डिझेलला नारिंगी. हे होलोग्रामचे रंगीत स्टिकर सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये मान्य केले आणि १ एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेटसोबत आले. बीएस-६ गाडीच्या स्टिकरवर हिरवी पट्टीही असते. गाडी कोणत्या इंधनावर चालते, किती प्रदूषण करणाऱ्या पिढीतली आहे, हे लांबून कळावं हा उद्देश.

अनेकांना ती शोभेची पट्टी वाटते. प्रत्यक्षात ते गाडीचं तिसरं नोंदणीचिन्ह आहे. त्यावर नोंदणी क्रमांक, इंजिन आणि चेसिस नंबर असतो. म्हणून रेडियमच्या दुकानातून तसाच दिसणारा स्टिकर करून लावणं म्हणजे हौस नाही. कलम २०६ मध्ये ज्या ओळखचिन्हाचा उल्लेख आहे, त्यात तो अडकू शकतो. जुन्या गाड्यांना नंबरप्लेट बसवण्याची मोहीम राज्यात सुरू झाली, मुदत पुन्हा पुन्हा वाढली, तेव्हा बनावट संकेतस्थळंही निघाली. दुचाकी आणि ट्रॅक्टरला ४५० रुपये, चारचाकीला ७४५ रुपये आणि वर जीएसटी असा दर ठरलेला असताना ‘स्वस्तात करून देतो’ म्हणणाऱ्याकडे संशयाने बघायला हवं.

विम्याची भीती दाखवून विकलं जातं

‘पीयूसी नसेल तर अपघाताचा क्लेम मिळत नाही’, हे वाक्य गावात इतक्यांदा बोललं जातं की ते खरंच वाटतं. ऐनवेळी घाबरलेला माणूस मिळेल तिथून पीयूसी काढतो. एजंटचा धंदा या भीतीवर चालतो.

हकीकत अशी. १० ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विमा नूतनीकरणाच्या दिवशी वैध पीयूसी असावी, नसेल तर कंपनीने विमा करू नये, असा आदेश दिला होता. तो विमा काढण्याबद्दल होता. ऑगस्ट २०२० मध्ये विमा नियामक संस्था आयआरडीएआयने स्पष्ट केलं की अपघाताच्या वेळी पीयूसी नव्हती एवढ्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. पुढे २६ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २०१७ ची ती अटही काढून टाकली.

म्हणजे पीयूसी संपलेली असताना अपघात झाला, तर खरं सांगणं हाच शहाणपणा. घाईत मागच्या तारखेची बनावट पीयूसी तयार करून क्लेमच्या फायलीत लावली, तर सरळ मिळणाऱ्या क्लेमला फसवणुकीचा डाग लागतो. जिथे अडचणच नव्हती तिथे माणूस स्वतःच्या हाताने अडचण उभी करतो.

दोष फक्त गाडीवाल्याचा आहे का?

नाही. ही गोष्टही तितक्याच स्पष्टपणे बोलायला हवी.

बनावट कागदाशिवाय दुसरा एक प्रकार आहे : कागद अस्सल, तपासणी खोटी. केंद्र परवानाधारक, नोंद ‘वाहन’वर दिसते, क्यूआर कोडही चालतो, पण गाडी केंद्रावर आलेलीच नसते. दिल्लीचा महालेखापरीक्षकांचा अहवाल १ एप्रिल २०२५ रोजी तिथल्या विधानसभेत मांडला गेला. त्यात २०१५ ते २०२० मधल्या नोंदी तपासल्या होत्या. मर्यादेपेक्षा जास्त धूर असूनही १ लाख ८ हजारांहून अधिक पेट्रोल-सीएनजी गाड्या पास झाल्या. ७,६४३ वेळा एकाच केंद्रावर एकाच वेळी एकापेक्षा जास्त गाड्या तपासल्याचं दिसलं. ७६,८६५ वेळा तपासणी करून प्रमाणपत्र द्यायला एकच मिनिट लागलं. देशाच्या राजधानीत ही गत असेल तर तालुक्याच्या ठिकाणी डोळे मिटून विश्वास कोणी ठेवावा?

आणि फसवणूक फक्त लहान माणूस करतो असंही नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत फोक्सवॅगन कंपनीचं प्रकरण उघड झालं. तपासणी सुरू असताना धूर कमी दाखवायचा आणि रस्त्यावर सोडायचा, असं सॉफ्टवेअर डिझेल गाड्यांत बसवलेलं होतं. अमेरिकेत कंपनीने गुन्हा कबूल केला. कंपनीच्या एका अधिकाऱ्याला डिसेंबर २०१७ मध्ये सात वर्षांची शिक्षा झाली. भारतात राष्ट्रीय हरित लवादाने मार्च २०१९ मध्ये ५०० कोटींचा दंड ठोठावला, पण मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली. पिकअपवाल्याला असा वकिलांचा ताफा परवडत नाही. मोठ्याला स्थगिती मिळते, लहान्याला तारखा मिळतात.

बनावट कागदाचा इतिहास नाशिकलाही अनोळखी नाही. नाशिकरोडच्या भारत प्रतिभूती मुद्रणालयात स्टॅम्प पेपर छापले जातात. तिथल्याच लिलावात निघालेल्या जुन्या यंत्रांचा संबंध तेलगीच्या बनावट मुद्रांक घोटाळ्याशी आला होता. अब्दुल करीम तेलगीला ३० वर्षांची सक्तमजुरी झाली, २०१७ मध्ये तो कैदेतच वारला. आकार वेगळा, पण मूळ तेच : सरकारी वाटणारा कागद छापणाऱ्याला वाटतं, बघणाऱ्याला कळत नाही.

गाडीवाला हे का करतो?

पैसे वाचवायला असं म्हणणं अर्धवट आहे. दीडशे रुपये कोणाला जड नाहीत. जड जातो तो दिवस. केंद्र तालुक्याला किंवा शहरात, तिथवरचं डिझेल, रांग, बुडालेलं भाडं. त्याहून मोठी भीती गाडी नापास होण्याची. डिझेल गाडीत धुराची घनता मोजतात. बीएस-४ गाडीला मर्यादा ५० हार्ट्रिज युनिट, त्याआधीच्या गाडीला ६५. पेट्रोलला कार्बन मोनॉक्साईड आणि हायड्रोकार्बन बघतात. नोझल, एअर फिल्टर, पंप यांचं काम निघालं तर खर्च हजारांत जातो. तो टाळायला बनावट पास.

पण २०२१ च्या नियमात नापास गाडीला रिजेक्शन स्लिप द्यायची तरतूद आहे. ती गॅरेजमध्ये दाखवून काम करून घेता येतं. केंद्राचं यंत्रच बिघडलंय असं वाटलं तर तीच स्लिप घेऊन दुसऱ्या केंद्रावर तपासणी करता येते. नापास होणं हा गुन्हा नाही, दुरुस्तीची ती सूचना आहे. शिवाय जी गाडी काळा धूर सोडते ती डिझेलही जास्त खाते. नोझलचा खर्च टाळून तोच पैसा टाकीत जातो.

आणि धूर शेवटी जातो कुठे? राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवेचे निकष न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत नाशिकचं नाव आहे. अंबडच्या रस्त्यांवर दिवसभर मालाच्या गाड्यांमागे मोटारसायकलवर कामाला जाणारे बहुतेक जण आपल्याच खेड्यांतले आहेत.

पुढे काय होऊ शकतं?

२०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी ‘नो पीयूसी, नो फ्युएल’ धोरण आणण्याचं जाहीर केलं. पंपावरच गाडीचा नंबर तपासायचा, वैध पीयूसी नसेल तर इंधन द्यायचं नाही, अशी ती कल्पना. नाशिककरांनी १५ ऑगस्ट २०२१ पासूनची ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ मोहीम पाहिली आहे. तेव्हा दुसऱ्याचं हेल्मेट घालून पेट्रोल भरणारेही दिसले. पीयूसीच्या बाबतीत तसं उसनं चालणार नाही, कारण तपासणी नंबरवरून नोंदीत होईल. मोबाइलमधली खोटी पीडीएफ तिथे कोणी बघणारच नाही.

पण धोरण न्यायाचं व्हायचं असेल तर आधी सोय हवी. मोठ्या गावांच्या आठवडे बाजाराच्या दिवशी फिरतं पीयूसी केंद्र उभं राहिलं, तर निम्म्या एजंटांचा धंदा आपोआप बसेल. बाजार समित्यांच्या आवारात, जिथे गाड्या लिलावासाठी तासन् तास उभ्याच असतात, तिथे तपासणी का होऊ नये? केंद्रांच्या यंत्रांची आणि नोंदींची अचानक तपासणीही तितकीच गरजेची.

हातात आधीच बनावट पीयूसी असेल तर

पहिलं काम, ती दाखवणं बंद. संकेतस्थळावर नंबर टाकून खात्री करावी. नोंद नसेल तर त्याच दिवशी गाडी परवानाधारक केंद्रावर नेऊन खरी पीयूसी काढावी. ऑनलाइन पैसे देऊन फसवणूक झाली असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करावी. मेसेज, नंबर, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट पुसू नयेत. केंद्राची तक्रार असेल तर पेठरोडच्या आरटीओ कार्यालयात लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.

रस्त्यात अडवलं आणि पीयूसी संपलेली असेल, तर ‘नाही’ म्हणावं. चलन घ्यावं. तो दंड आहे, भरून होतो. गुन्हा दाखल झाला तर पोलीस लगेच अटक करतीलच असं नाही. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ प्रमाणे हजर राहण्याची नोटीस देता येते. पण नोटीस आली तरी तारखा सुरू होतात. गाडी मुद्देमाल म्हणून जमा झाली तर ती कोर्टातून सुपुर्दनाम्यावर सोडवावी लागते. ऐन द्राक्षाच्या किंवा टोमॅटोच्या हंगामात आठ दिवस गाडी उभी राहणं म्हणजे काय, हे भाड्यावर घर चालवणाऱ्याला सांगायची गरज नाही.

खऱ्या पीयूसीला लागतात दीडशे रुपये आणि एक चक्कर. एजंट दोन्ही वाचवून देतो म्हणतो, पण कलम लागलं की कोर्टात त्याच्याऐवजी ड्रायव्हरलाच उभं राहावं लागतं.